वाफशाची वाट : खानदेशातील काळी माती कशी घट्ट झाली

मातीच्या एका अवस्थेला मराठीत स्वतंत्र नाव आहे : वाफसा. पाऊस उघडून किंवा पाणी देऊन काही दिवस गेले, मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतले पाणी निथळून तिथे हवा शिरली आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहिली, की जमीन वाफशावर आली असे म्हणतात. त्याची परीक्षाही जुनीच आहे. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर वाफसा. चेपून तसाच बसला तर थांबायचे. कोकणातल्या जांभ्या मातीत किंवा नदीकाठच्या पोयट्यात ही मुदत सैल असते. खानदेशच्या काळ्या मातीत ती फार आखूड असते. आज चिखल, चार दिवसांनी ढेकूळ. मधल्या दोन-तीन दिवसांत काय ते काम उरकायचे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आज सर्रास ऐकू येणारी तक्रार अशी : जमीन दबली, पाणी मुरत नाही, नांगर खाली लागत नाही, खत टाकूनही पीक उठत नाही. दोष बहुधा ट्रॅक्टरला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. या मातीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. तिच्यावरचे वजन वाढले हे खरे. पण त्याच काळात तिचे दोन जुने राखणदारही निघून गेले. एक, वाफशाची वाट पाहण्याची सोय. दुसरा, उन्हाळ्यात कोरडे होऊन उलण्याची मुदत. वजन सोसण्याची आणि सोसल्यावर पुन्हा सावरण्याची मातीची ताकद या दोहोंवर उभी होती.

खूर आणि चाक

दख्खनच्या पठारावरचा काळा पाषाण झिजून ही माती झाली. तापीच्या दोन्ही काठांना, चोपडा-यावल-रावेरपासून शिरपूर-शिंदखेड्यापर्यंत, गाळाची खोल काळी जमीन आहे. साक्रीकडे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी ती उथळ आणि मुरमाड होत जाते. काळ्या मातीत चिकणकणांचे प्रमाण मोठे, आणि त्यातही पाणी प्यायले की फुगणाऱ्या व वाळले की आकसणाऱ्या खनिजाचा भरणा जास्त. म्हणूनच मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. मृदाशास्त्रात या जातीच्या जमिनीची ओळखच भेगांवरून ठरते : कोरड्या दिवसांत अर्धा मीटर खोलीवरही किमान एक सेंटिमीटर रुंदीची भेग असली पाहिजे. या भेगांतून वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा, पहिल्या पावसाचे पाणी खोल उतरते. पावसाने माती फुगली की भेग मिटते, पण आत गेलेले आतच राहते. वर्षानुवर्षे असे चालल्याने काळी माती स्वतःच स्वतःला उलथत असते. स्वतःची नांगरट करणारी माती असे तिचे वर्णन अभ्यासकांनी केले आहे ते यामुळे.

माती घट्ट होणे म्हणजे काय, हेही इथेच सांगितले पाहिजे. चांगल्या जमिनीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. तिच्यात हवा आणि पाणी आलटून पालटून राहतात. वरून भार आला की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात, आणि मुळांच्या वाढीला, पाणी मुरायला, हवा खेळायला त्याच मोठ्या पोकळ्या लागतात. चोपण जमीन वेगळी. तिथे सोडियममुळे चिकणकण विखुरतात आणि बुजतात. उपाय जिप्समचा असतो. दबलेल्या जमिनीचे रासायनिक पृथक्करण अगदी चांगले निघू शकते आणि तरीही पीक खुरटलेले असते.

आता बैल आणि ट्रॅक्टर यांची तुलना. चालत्या बैलाच्या खुराखाली दर चौरस सेंटिमीटरला पडणारा दाब ट्रॅक्टरच्या मागच्या टायरखालच्या दाबापेक्षा कमी नसतो. पुष्कळदा जास्तच असतो. बैलाचे वजन मोठे आणि खूर लहान. मग बैलांच्या काळात जमीन दबत नव्हती का? दबत होती, पण वरच्यावर. लहान जागेवर पडलेला दाब मातीत थोड्याच खोलीवर विरून जातो. वितभर खाली त्याचा जोर उरत नाही, आणि तेवढा थर पुढच्या वखरपाळीत मोकळा होतो. चाकाखालची जागा मोठी आणि एकूण भार अनेक पटींनी मोठा, त्यामुळे दाब खोलवर पोहोचतो. वरच्या थरात किती दाब पडेल हे टायरमधल्या हवेवर ठरते. खालच्या थरात तो कुठवर जाईल हे आसावरच्या वजनावर. टायर रुंद केले तर वरची माती वाचते, खालची वाचत नाही. आणि बहुतेक नुकसान चाकाच्या पहिल्याच फेरीत होऊन जाते.

नांगरटीच्या वेळी तर आणखी एक गोष्ट घडते. पलटी नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची एका बाजूची चाके आधीच्या उघड्या तासातून चालतात, म्हणजे थेट नांगराच्या तळाच्या पातळीवरून. जो थर नंतर कुणी हलवणार नाही, त्याच्यावरच पूर्ण भार येतो. दरवर्षी त्याच खोलीवर फाळ घासला की तिथे गुळगुळीत, घट्ट पापुद्रा तयार होतो. लाकडी नांगरानेही असा पापुद्रा होत असे, पण तो उथळ आणि पातळ असे.

जुने वेळापत्रक

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरचा बारावा खंड १८८० साली निघाला. पुढे जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानभर फिरून १८९३ मध्ये शेतीसुधारणेवरचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि मुंबई इलाख्यातल्या सरकारी शेतांवर काम केलेल्या जेम्स मॉलिसन यांनी १९०१ मध्ये हिंदी शेतीवर पाठ्यपुस्तक लिहिले. या काळातल्या लिखाणातून काळ्या जमिनीच्या मशागतीची जी रीत दिसते ती आजच्या शेतकऱ्याला नवलाची वाटेल. नांगर दरवर्षी धरत नसत. काही वर्षांतून एकदा, हराळी किंवा कुंदा फार माजला की, जड लाकडी नांगराला दोन-चार जोड्या जुंपून जमीन उलथायची. एवढे बैल एका घरी नसत. सावड करून, इर्जिक घालून ते काम होई. एरवी दरवर्षीचे अवजार वखर. त्याची पास मातीत चार बोटे शिरून वरचा थर मोकळा करी, तण कापी आणि खालची ओल झाकून ठेवी.

व्होल्कर आला तेव्हा विलायती नांगर आणून हिंदी शेती सुधारावी अशी हवा सरकारी वर्तुळात होती. त्याने अनेक ठिकाणी इथल्या शेतकऱ्याची बाजू घेतली. खोल नांगरट सगळीकडे हिताची नाही, तिने ओल उडते आणि हलक्या बैलांना ती झेपत नाही, हे त्याने ओळखले. खानदेशातही भडगावला सरकारी प्रायोगिक शेत होते आणि तिथे नव्या बियाण्यांची व पद्धतींची परीक्षा चाले. बाहेरून आणलेली गोष्ट काळ्या मातीत तशीच लागू पडत नाही, हा धडा त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना तिथेच मिळाला.

या रीतीमागे दोन विसावे होते. पहिला उन्हाळ्याचा. कोरडवाहू ज्वारी निघाली, पऱ्हाटी उपटली, की फाल्गुनापासून मृगापर्यंत शेत रिकामे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जमीन तापायची, उलायची. नांगरट झाली असेल तर मोठाली ढेकळे तशीच पडून राहायची. पहिल्या सरीने ती आपोआप विरघळायची. दुसरा विसावा पडीचा. जमीन मुबलक आणि माणसे कमी असली की काही रान आपोआप पडीक राहते. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा लढाया, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी मुलूख ओसाड झाला होता. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या कारभारापुढचा मोठा प्रश्न पडीत रानात पुन्हा माणसे वसवायचा होता.

बागायतीतही विसावा होता, आणि त्याचे उत्तम उदाहरण धुळे जिल्ह्यातच आहे. पांझरा नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी देण्याची फडपद्धत काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली; एका फडात एकच पीक, मग मालक कितीही असोत. ऊस कोणत्या फडात आणि हंगामी पिके कोणत्या, हे गाव मिळून ठरवी, पाणी सोडायला पाटकरी असे, आणि उसाची पाळी फडाफडांतून फिरे. फडपद्धतीची थोरवी पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी गायली जाते आणि ती योग्यच आहे. तिचा मातीला झालेला फायदा मात्र सहसा कुणी सांगत नाही. वर्षभर भिजलेल्या फडाला पुढे हंगामी पिकाची पाळी येई आणि त्या काळात तो वाळून उले. शेजाऱ्याच्या उसाचे पाणी आपल्या रिकाम्या वावरात झिरपत राहायचा प्रश्नही नसे, कारण सगळा फड एकदमच कोरडा.

विसावे कसे गेले

पहिला गेला तो पडीचा. १८५० नंतर खानदेशात रयतवारी मोजणी सुरू झाली. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला आणि सरकारला फौज आणावी लागली. मोजणी शेवटी झालीच. रयतवारीत सारा जमिनीवर. पेरा किंवा पेरू नका, नावावरच्या क्षेत्राचा हप्ता भरायचाच. रान पडीक ठेवणे त्यामुळे महाग झाले. त्यातच १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशात आली आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले. पडीत राने कपाशीखाली आली. मातीवर भार टाकणारे यंत्र अजून कुठेच नव्हते; तिच्या विसाव्याचा पहिला हप्ता मात्र कापला गेला होता.

त्यानंतर लोखंड आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी लोकांची समजूत, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे हे नांगर दख्खनभर पोहोचले. कुंदा-हराळीचा कायमचा बंदोबस्त करणारे अवजार म्हणून त्याने शेतकऱ्याचे मोठे काम केले. ओढणारे बैलच होते, त्यामुळे लोखंडी नांगराने माती फारशी दबली नाही. त्याने एक सवय मात्र लावली : खोल नांगरट म्हणजे चांगली शेती. पुढे ट्रॅक्टरला ही सवय तयारच मिळाली.

१९५१ मध्ये साऱ्या भारतात साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. आता देशात वर्षाला नऊ लाखांच्या घरात नवे ट्रॅक्टर विकले जातात. खानदेशच्या गावांत दिसणारा मध्यम ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. युरोप-अमेरिकेच्या मानाने तो हलकाच. पण त्याच्यामागे शेणखताची, धरणातल्या गाळाची, उसाची किंवा केळीच्या घडांची ट्रॉली असते आणि भरल्यावर तिचे वजन पाच-सहा टनांवर जाते. ही ट्रॉली वावराच्या मधोमध जाते, आणि पुष्कळदा ओल असतानाच.

इथे वाफशाचा प्रश्न येतो. बैल घरचे होते तोवर थांबणे फुकट होते. आज जमीन ओली वाटली तर उद्या, उद्या नाही तर परवा. महाराष्ट्रात एका खातेदाराकडची सरासरी जमीन २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर ट्रॅक्टर परवडत नाही. तो एकरावर किंवा तासावर भाड्याने येतो. मृगाच्या आधी सगळ्या गावाला तो एकाच आठवड्यात हवा असतो. मालक गावच्या एका टोकाने निघतो आणि तुमचा नंबर लागतो त्या दिवशी तुमच्या वावरात शिरतो. त्या दिवशी वाफसा आहे की नाही हे पाहायची सोय ना त्याला, ना तुम्हाला. नंबर सोडला तर पेरणी पंधरा दिवस मागे. वाफसा ओळखणारी माणसे अजून गावोगाव आहेत. तो पाळणे त्यांच्या हातात राहिलेले नाही.

उन्हाळ्याचा विसावा पाण्याने नेला. गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले, तापीवर हतनूर झाले, विहिरींवर विजेचे पंप बसले आणि नंतर कूपनलिका आल्या. जळगावची केळी देशभर गेली. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत लागवड, त्यानंतर पीलबाग. एकाच वावरात केळी सलग दीड-दोन वर्षे राहते आणि तेवढा काळ मातीला कोरडे होता येत नाही. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, ठिबक घरोघर पोहोचले आणि पूर्वहंगामी बागायती कापूस मे महिन्यातच लागू लागला. पलीकडून फरदड घेतली की शेत फेब्रुवारी-मार्चपर्यंत अडकलेले. फाल्गुन ते मृग ही मुदत अशी दोन्ही बाजूंनी कुरतडली गेली. पाण्याने शेतकऱ्याच्या घरी दोन पैसे आणले, पोरे शिकली. हे पाणी नको असे कुणी म्हणणार नाही. उलण्याच्या मोसमात जमीन ओली ठेवली तर तिची दुरुस्ती थांबते, हा हिशेब मात्र कुठे मांडला गेला नाही.

मुळाचे काय होते

मुळाचे टोक मातीला ढकलतच पुढे जाते. मातीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोच्या आसपास पोहोचला की बहुतेक पिकांची मुळे जवळजवळ थांबतात. या विषयावरचा एक मूलभूत प्रयोग नेमका कपाशीवरच झालेला आहे. अमेरिकेत टेलर आणि गार्डनर यांनी १९६३ मध्ये कपाशीच्या रोपांचे सोटमूळ वेगवेगळ्या घट्टपणाच्या आणि ओलाव्याच्या मातीत कसे उतरते ते तपासले. मूळ अडते ते मातीच्या कठीणपणामुळे, आणि तो कठीणपणा घट्टपणा व ओल या दोहोंवर ठरतो, असे त्यांना दिसले. तीच दबलेली माती ओली असताना मुळाला वाट देते आणि वाळली की भिंत होते.

खानदेशात याचा अर्थ फार सरळ आहे. पाऊस नीट पडला त्या वर्षी दबलेल्या शेतातली कपाशीही बरी दिसते. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप आली की फरक उघडा पडतो. एकीकडे सोटमूळ हात-दीड हात खाली ओलीत पोहोचलेले असते. दुसरीकडे ते वितभर खाली काटकोनात वळून आडवे गेलेले असते. उपटलेली पऱ्हाटी उलटी धरून पाहिली तरी शेताची परीक्षा होते. केळीची मुळे मुळातच नाजूक आणि बहुतांशी वरच्या दोन फुटांतली. खाली घट्ट थर असला की पाणी तिथे तुंबते आणि हवेवाचून मुळे कुजतात. शेतकरी पिवळी पाने पाहून खत वाढवतो. खत मुळापर्यंत पोहोचते, मूळच ते घेण्याच्या स्थितीत नसते.

पाण्याचा हिशेब याहून मोठा आहे. रावेर-यावल पट्ट्यात भूजल वर्षानुवर्षे खोल जात आहे आणि त्याचे कारण उपसा हे सर्वांना ठाऊक आहे. पण शेतात पडलेला पाऊस शेतात मुरला नाही तर तो नाल्याने तापीत जातो, आणि जाताना वरची मातीही नेतो. नालाबांध आणि पाझर तलाव यांवर खर्च होतो. सगळ्यात मोठा पाझर तलाव म्हणजे शेत, आणि त्याचा तळ आपण चाकांनी लिंपत आहोत.

दूरच्या काळ्या मातीचा अनुभव

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या नामोई खोऱ्यात अशीच काळी, उलणारी माती आहे आणि तिच्यात बागायती कापूस होतो. तिथे जड वेचणीयंत्रे ओल्या शेतात शिरली आणि जमिनी दबल्या. लोखंडाने खोल फोडून पाहिले. ओल्या मातीत ते नुसती चीर पाडून जाई. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी कापूस उत्पादकांसाठी ‘सॉइलपॅक’ नावाची मातीची मार्गदर्शिका तयार केली. तिच्यातला एक मुख्य सल्ला असा : कापसानंतर गहू किंवा करडई घ्या, त्या पिकाला खालची ओल ओढून घेऊ द्या, माती वाळून उलू द्या, फोडायचे काम ती स्वतः करील. करडई तर महाराष्ट्रात रब्बी ज्वारीच्या कडेने पिढ्यानपिढ्या पेरली गेली. तिच्या खोल जाणाऱ्या मुळाची कीर्ती आपल्याला परदेशातून ऐकावी लागली.

ऑस्ट्रेलियातच पुढे चाकांच्या कायम वाटा ठरवण्याची पद्धत रुजली. दरवर्षी ट्रॅक्टर त्याच दोन पट्ट्यांवरून जातो. तेवढी जमीन दबू द्यायची, बाकीच्या शेतावर चाक फिरवायचेच नाही. आपल्याकडे कोळपणीचे बैल ओळींच्या मधूनच चालत. कल्पना अगदीच परकी नाही. ठिबकाने तर ती सोपी केली आहे, कारण नळीजवळचा पट्टा ओला आणि मधला कोरडा राहतो. कोरड्या काळ्या मातीवर चाक गेले तर फारसे बिघडत नाही.

थंड देशांना हा उपाय उपलब्ध नाही. स्वीडनमधल्या दीर्घ प्रयोगांत दहा टनांच्या आसाखाली दबलेला खोल थर बर्फाच्या गोठण्या-वितळण्यानेही सावरला नाही. केलर आणि ओर या दोन शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवले की भरलेल्या कापणीयंत्राचे वजन १९५८ मध्ये चार टन होते, २०२० पर्यंत ते छत्तीस टनांवर गेले. पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या डायनासोरांच्या वजनाशी ते आता स्पर्धा करते. आपली यंत्रे अजून हलकी आहेत आणि आपली माती स्वतः सावरू शकणारी आहे. दोन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत, पण आता गावात मोठे हार्वेस्टर आणि खोदाईची यंत्रे येऊ लागली आहेत.

कागदावर नसलेला रकाना

२०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली. तिच्यावर बारा रकाने असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. माती किती घट्ट आहे, पाणी तासाला किती मुरते, मूळ किती खोल जाऊ शकते, यांचा एकही रकाना नाही. प्रयोगशाळेत जाणारी माती वरच्या वितीतली, वाळवून, कुटून, चाळून नेलेली; घट्टपणा त्या कुटण्यातच संपतो. ज्या बिघाडाची नोंदच होत नाही त्यासाठी योजना निघत नाही, आणि अनुदान यंत्राला मिळते, ते थांबवून ठेवण्याला मिळत नाही.

तपासणी अवघड नाही. पावसाळ्यात चांगला वाफसा असताना बोटभर जाडीची लोखंडी सळई हाताने मातीत दाबत न्यायची. बांधाशी, जिथे चाक जात नाही, तिथे ती किती उतरते आणि वावराच्या मधे किती, हे मोजायचे. फरक वितीचा निघाला तर थर कुठे आहे ते कळले. मग ज्या वर्षी शक्य असेल त्या वर्षी एक उन्हाळा तो तुकडा कोरडा ठेवायचा, भरलेली ट्रॉली बांधावरच थांबवायची, आणि सबसॉयलर मारायचाच असेल तर एप्रिल-मेच्या कोरड्या मातीत मारायचा.

एकट्या शेतकऱ्याला मात्र यातले थोडेच साधेल. पांझरेच्या काठी गावाने मिळून कोणत्या फडाला पाणी आणि कोणत्याला नाही हे ठरवले, म्हणून तिथल्या मातीला पाळी मिळत गेली. ट्रॅक्टरचा नंबर आज ज्याच्या पैशाने लागतो, तो शिवारातल्या वाफशाने लागावा, हेही गावालाच मिळून ठरवावे लागेल. हलक्या जमिनीचा वाफसा आधी येतो, भारी जमिनीचा नंतर. आधी मुरमाड, मग मध्यम, शेवटी खोल काळी, असा क्रम लावला तर तोच ट्रॅक्टर, तेच दिवस आणि तोच खर्च यांत बरीच जमीन दबण्यापासून वाचते. कोणत्या शिवारात वाफसा कधी येतो, हे सांगणारी माणसे अजून आहेत तोवर हे करून ठेवलेले बरे.